हाफकिनच्या बाटलीतील ताप

साथीच्या इतिहासात सीमाभागाच्या वाट्याला नेहमी नाक्याची भूमिका आलेली आहे. रोगाला हद्द ठाऊक नसते. परंतु रोग अडवू पाहणारे सरकार मात्र प्रथम हद्दीवरच येऊन उभे राहते. २०२१ साली पुणे-बेंगळूरु महामार्गावर कोगनोळीच्या नाक्यापाशी महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटी-पीसीआर चाचणीचा दाखला मागितला जात होता. कागलात माहेर आणि निपाणीत सासर असलेल्या घरांना तो दाखला किती जाचक वाटला, हे या भागात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या वाचकांना निराळे सांगावयास नको. त्याआधी, मार्च २०२० मध्ये, देशभर ज्या साथरोग कायद्याचा आधार घेण्यात आला तो काही नवा नव्हता. मुंबई इलाख्यातील प्लेगला आवर घालण्यासाठी तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला होता.

त्या प्लेगचा राजकीय इतिहास मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. पुण्यातील घरझडत्या, २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या, त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर झालेला राजद्रोहाचा खटला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांना आलेला मृत्यू, या गोष्टी आपण शाळेपासून वाचत आलो. त्या मानाने त्याच साथीतून निघालेला एक वैद्यकीय प्रश्न उपेक्षित राहिला. प्रश्न दिसायला साधा आहे. प्लेगची लस टोचून घेतली की माणसाला सपाटून ताप भरे. लस तर मेलेल्या जंतूंची. मेलेला जंतू वाढत नाही, अंगात पसरत नाही. मग हा ताप कशाचा? टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडला, तसाच तो टोचणाऱ्या शास्त्रज्ञांनाही पडला. त्याचे पटण्याजोगे उत्तर हाती येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. जंतू आपल्या अंगावरून ज्या अतिसूक्ष्म पुटिका सोडीत असतात, त्यांच्याशी या उत्तराचा फार जवळचा संबंध आहे. ती हकीगत येथे सांगावयाची आहे.

भायखळ्याची खोली

मुंबईत प्लेग आल्याचे प्रथम ओळखले ते सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात. आणि ओळखणारे होते मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. पुढच्याच महिन्यात सरकारने वाल्देमार हाफकिन यास मुंबईस धाडले. हाफकिनचा जन्म १८६० सालचा, ओडेसा येथला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून त्याने १८९२ साली कॉलऱ्याची लस तयार केली, ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ पासून तो हिंदुस्थानात तिचे प्रयोग करीत हिंडत होता. मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा सरंजाम मिळाला. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मात्रा होती दहा घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना जी देण्यात येऊ लागली तिच्या तिपटीहून अधिक. त्याला जोराचा ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला. पण तो बरा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली, आणि न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग कमी आढळला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ पासून तिलाच हाफकिन संस्था म्हणतात.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती लस करण्याची रीत. जंतू वाढविण्यासाठी मांसरस लागे. गाईचे वा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान दोघेही सुईला हात लावू देणार नाहीत, हे ओळखून हाफकिनने बोकडाच्या मांसाचा रस करविला. त्यावर तो तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडी. त्या तरंगत्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे लोंब खाली यावेत तसे त्यांचे लोंब मांसरसात उतरत. दर काही दिवसांनी बाटली हलवून ते लोंब तळाशी पाडायचे, की वर नवे धरत. असे पाच-सहा आठवडे चाले. मग बाटली सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियसला तापवून जंतू मारीत, थोडे कार्बोलिक आम्ल घालीत, आणि लस तयार होई.

या कृतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मेलेले जंतू गाळून, धुऊन वेगळे काढले जात नसत. ज्या मांसरसात ते सहा आठवडे वाढले तो मांसरसही लसीत तसाच राही. हा निष्काळजीपणा नव्हता. हाफकिनने तसे विचारपूर्वक ठरविले होते. जंतूंची शरीरे रोग होऊ देणार नाहीत, आणि जंतूंनी बाहेर टाकलेली विषे, ती लसीतून आधीच भेटलेली असल्यामुळे, पुढे रोग झालाच तर त्याची तीव्रता कमी करतील, अशी त्याची उपपत्ती होती.

ताप हेच माप

लस किती जोरदार उतरली हे मोजण्याचे साधन त्या काळी जवळ नव्हते. हाफकिनने त्यासाठी माणसाच्या अंगचा तापच माप म्हणून वापरला. टोचल्यावर ताप सुमारे १०२ अंश फॅरनहाइटपर्यंत चढावा अशी अपेक्षा असे. पुरेसा चढला नाही तर मात्रा कमी पडली असे समजून पुन्हा टोचण्याची शिफारस होती. म्हणजे ज्याला लोक भीत होते, त्यालाच डॉक्टर यशाची खूण मानीत होते. या एका विसंगतीत त्या काळच्या पुष्कळशा कटुतेचे मूळ आहे.

प्लेग मुंबई-पुण्याहून दक्षिणेकडे सरकला तो आगगाडीने आणि मालाच्या पोत्यांबरोबर. १८९७-९८ मध्ये बेळगाव, धारवाड, हुबळी या भागात तो पसरला. कोल्हापूर संस्थानही सुटले नाही. आजच्या राज्यसीमेच्या जागी तेव्हाही हद्दी होत्याच. एकीकडे संस्थानी मुलूख, दुसरीकडे खालसा. खेड्यांतील लोकांचा स्वतःचा असा एक उपाय होता आणि तो पुष्कळसा शहाणपणाचा होता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे. उंदराच्या पिसवांतून रोग येतो हे पॉल-लुई सिमों याने कराचीत १८९८ साली दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. आपल्या खेडुतांनी त्याआधीच उंदरांपासून पाय काढता घेतला होता. सुई मात्र निराळी गोष्ट. गाठीच्या तापापासून वाचण्यासाठी धडधाकट माणसाने ताप अंगावर ओढवून घ्यायचा, ही कल्पना सहज गळी उतरण्यासारखी नव्हती. सुई टोचली की माणूस मरतो, अशा अफवा उठल्या त्या या पार्श्वभूमीवर.

तरीही या बाबतीत आपल्या शेजारच्या हुबळीचे उदाहरण जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदले गेले आहे. १८९८ साली सुमारे पन्नास हजार वस्तीच्या या गावी डॉ. लॉयमन यांनी नागरिकांच्या फार मोठ्या भागाला लस टोचली. न टोचलेल्यांच्या मानाने टोचलेल्यांत मृत्यू पुष्कळच कमी झाले, आणि हाफकिनच्या लसीच्या बाजूने पुढे जे पुरावे मांडण्यात आले त्यांत हुबळीचा पुरावा अग्रभागी राहिला. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने लस मोजण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. पण लसीने रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते, हे त्यालाही मान्य करावे लागले.

या विश्वासाला तडा गेला तो पंजाबात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण, ज्यांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती, धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिनच्या माथी मारण्यात आला आणि त्याला पदावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडल्यानंतर दूषित झाली असावी, हे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हिरिरीने मांडले, तेव्हा कोठे १९०७ साली तो दोषमुक्त झाला. येथे दोन गोष्टींत फरक करावयास हवा. मलकोवालचे मृत्यू हा बाहेरून शिरलेल्या दुसऱ्याच जंतूचा परिणाम होता. लसीचा नेहमीचा ताप हा लसीचाच गुण होता. सामान्य माणसाने दोहोंची गल्लत केली तर त्याला बोल लावता येत नाही. कारण नेहमीचा ताप कशाने येतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि सांगण्याइतके कोणाला ठाऊकही नव्हते.

विष अंगात की रसात?

या अज्ञानावर प्रकाश टाकू शकेल असा एक मनुष्य योगायोगाने १८९७ सालीच मुंबईत येऊन गेला. त्याचे नाव रिचर्ड फायफर. जर्मन सरकारने प्लेगच्या अभ्यासासाठी गाफ्की यांच्या नेतृत्वाखाली जे मंडळ पाठविले, त्यात तो होता. पुढे स्वतः रॉबर्ट कॉखही येऊन मिळाले. फायफरने १८९२ च्या सुमारास कॉखच्या हाताखाली कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना पाहिले होते की, उष्णतेने मारलेले जंतूही गिनिपिगला मारू शकतात. घटसर्पाचा किंवा धनुर्वाताचा जंतू विष बाहेर टाकतो आणि ते विष उष्णतेने नासते. कॉलऱ्याच्या जंतूतील हे विष मात्र त्याच्या शरीराचाच भाग होते आणि तापवूनही टिकत होते. फायफरने त्याला अंतर्विष, एंडोटॉक्सिन, असे नाव दिले. जंतू मरून फुटला म्हणजे ते सुटे होते, असे त्याचे मत होते.

जर्मन मंडळाने साहजिकच जंतूंच्या शरीरांवर भर दिला. मांसरसाऐवजी घट्ट माध्यमावर जंतू वाढवून, ते खरवडून घेऊन लस करावी, असा त्यांचा कल होता. हाफकिन मात्र रसही हवा म्हणत होता. संरक्षण कशाने होते, तळाशी बसलेल्या गाळाने की वरच्या निवळीने? आणि ताप कशाने येतो? हा वाद त्या पिढीत निकाली निघाला नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, पण ते तथ्य एकत्र आणणारा दुवा सापडावयाचा होता.

त्या दिशेने एक पाऊल १९२३ साली शिकागोत पडले. शिरेतून औषध दिलेल्या रोग्यांना कधी कधी अकारण थंडी वाजून ताप येई. फ्लोरेन्स सायबर्ट या संशोधिकेने दाखविले की, उर्ध्वपातित पाण्यात पूर्वी कधी तरी जंतू वाढून गेले असले, तर ते पाणी नंतर उकळून निर्जंतुक केले तरीही ताप आणते. जंतू गेले, तरी त्यांनी मागे ठेवलेले काही तरी राहिले. आज सलाईनची प्रत्येक बाटली या कसोटीतून जाते, याचे श्रेय त्या कामाला आहे. पण ते ‘काही तरी’ जंतूपासून सुटते कसे, हे अजून दिसले नव्हते.

खकाणा

ते दिसले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. १९६५-६६ मध्ये इंग्लंडात एलिझाबेथ वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उपासमार केलेल्या ई. कोलाय जंतूंच्या भोवती पटलाचे तुकडे आढळले. १९६७ साली एस. एन. चटर्जी आणि जे. दास या कोलकात्याच्या संशोधकांनी कॉलऱ्याच्या जंतूची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत जंतूचे बाहेरचे आवरण जागोजागी फुगून, गळ्याशी आवळून, गोल पुटिकांच्या रूपाने सुटे होताना दिसत होते. मरणाऱ्या जंतूचा हा चुरा नव्हता. चांगला वाढणारा, जिवंत जंतूच आपल्या आवरणाचे थेंब बाहेर सोडीत होता. या पुटिकांवरील आजच्या प्रत्येक इतिहासकथनात कोलकात्याच्या त्या निबंधाचे नाव आरंभी येते. कॉलऱ्याच्या देशातच कॉलऱ्याच्या जंतूचा हा स्वभाव कळावा, हे उचितच झाले.

निपाणीच्या वाचकांना हा प्रकार समजणे अवघड नाही. तंबाखूच्या वखारीत बोदांची तोंडे शिवलेली असतात, दारही लावलेले असते. तरी रस्त्याने जाणाऱ्याच्या नाकात खकाणा शिरतो, तो शिंकतो, त्याचे डोळे चुरचुरतात. बोद जागचे हलत नाही, पण त्याचा अंश बोळातून हिंडतो. पुटिका म्हणजे जंतूचा खकाणा. एका पुटिकेचा व्यास साधारणपणे २० ते ३०० नॅनोमीटर, म्हणजे जंतूच्या आकाराच्या एका अल्प अंशाइतका. जंतू अडविणाऱ्या गाळण्यांतून यांतील पुष्कळ पार निघून जातात. त्यांच्या पटलात फायफरचे अंतर्विष असते आणि पोटात जंतूची प्रथिने, क्वचित विषे, जनुकद्रव्याचे तुकडेही असतात. फायफर म्हणाला तसे विष जंतूच्या अंगचेच होते. हाफकिन म्हणाला तसे ते रसातही उतरत होते. पुटिकेने दोघांचे म्हणणे जुळवून दिले.

प्लेग, कॉलरा, विषमज्वर, डांग्या खोकला यांचे जंतू दुहेरी पटलाचे. त्यांच्या पुटिका बाहेरच्या पटलापासून होतात. जाड भिंतीच्या इतर जंतूंना हे जमणार नाही असा दीर्घकाळ समज होता. गळवे आणणारा स्टॅफिलोकॉकस जंतूही पुटिका सोडतो, हे २००९ मध्ये सिद्ध झाल्यावर तोही मागे पडला.

पेशींची दोन दारे

आता प्रश्न उरतो तो आपल्या शरीराचा. निर्जीव पुटिकेला पाहून शरीर एवढे खवळते का? रक्तात आणि ऊतींत भक्षक पेशी पहारा देत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर काही ग्राही प्रथिने असतात, जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारी. अंतर्विषाची खूण ओळखणारे प्रथिन कोणते, हे १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या प्रयोगशाळेत कळले. अंतर्विष टोचूनही न बधणारी उंदरांची एक जात होती. तिच्यात एका जनुकात बिघाड होता. ते जनुक टोल-सदृश ग्राही क्रमांक ४ या प्रथिनाचे निघाले. त्याआधी १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांनी फळमाशीत ‘टोल’ या तिच्या भावंडाचे काम दाखविलेले होते. या दोघांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पुटिका पेशीच्या अंगाला लागली, की तिच्या पटलातील अंतर्विष या ग्राहीला बिलगते. हे पहिले दार. तेथून निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी आपल्या सोबत्यांना हाका घालणारी प्रथिने सोडू लागते. त्यांत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही प्रमुख. त्यांच्या प्रभावाने जवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि झिरपू लागतात, आणखी पेशी तेथे गोळा होतात. टोचल्या जागी लाली, सूज, ऊब आणि ठणका येतो तो यामुळे. यालाच वैद्यक दाह म्हणते. हीच प्रथिने रक्तातून फिरली की त्यांच्या प्रभावाने मेंदूतील उष्णता-नियंत्रक केंद्रापाशी प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि ते केंद्र शरीराची उष्णता वरच्या पातळीवर नेऊन ठेवते. तोच ताप. या वाटेत कोठेही जिवंत जंतूची गरज लागत नाही. हाफकिनने जंतू मारले, पण अंतर्विष त्या उष्णतेला दाद देत नाही. ताप येणारच होता.

दुसरे दार पेशीच्या आत आहे, आणि ते उघडण्यात पुटिकांचा हात विशेष आहे. पेशीच्या अंतर्द्रवात अंतर्विष पोहोचले तर तेथे कॅस्पेज नावाच्या प्रथिनांचा निराळा पहारा असतो. माणसात त्यांचे क्रमांक ४ आणि ५, उंदरात ११. सुटे अंतर्विष सहजासहजी आत शिरत नाही. २०१६ साली अमेरिकेत शिवप्रिया वनजा, विजय रथिनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, पेशी पुटिका गिळते आणि त्या पुटिकांवाटेच अंतर्विष अंतर्द्रवात उतरते. जंतू बाहेर राहिला तरी त्याचा माल आत पोहोचतो. कॅस्पेज जागे झाले की गॅस्डर्मिन नावाच्या प्रथिनाची पेशीच्या आवरणाला भोके पडतात, पेशी फुगून फुटते आणि दाहाची द्रव्ये एकदम बाहेर सांडतात. थोड्या पेशींचे असे झाले तर जंतूला लपायला जागा उरत नाही. रक्तभर झाले तर रक्तदाब कोसळतो, इंद्रिये निकामी होतात, माणूस जातो. एकच यंत्रणा; लसीच्या मात्रेत ती दोन दिवसांचा ताप आणते आणि रोगाच्या मात्रेत प्राण घेते.

प्लेगच्या जंतूची लबाडी

आणि येथे प्लेगच्या जंतूची एक खोड सांगितली पाहिजे, कारण तिने हाफकिनच्या बाटलीचा अर्थच पालटतो. पिसवेच्या अंगात, माणसाच्या मानाने थंड जागी, हा जंतू जे अंतर्विष बनवितो त्याला सहा मेदाम्लांची शेपटे असतात. भक्षक पेशी ते तत्काळ ओळखते. पण माणसाच्या ३७ अंश उष्णतेत आल्यावर तो रूप बदलतो. आता शेपटे चारच, आणि ग्राही क्रमांक ४ ला ती नीट उमगत नाहीत. हा निव्वळ योगायोग नाही. २००६ साली संशोधकांनी ३७ अंशांतही सहा शेपटे बनविणारा प्लेगचा जंतू मुद्दाम तयार केला, तेव्हा तो प्रयोगातील उंदरांना मारू शकला नाही; शरीराला वेळेवर जाग आली. मूळ जंतू आरंभी गुपचूप वाढतो आणि पहारा जागा होईपर्यंत उशीर झालेला असतो. ‘सकाळी शेतात गेला, संध्याकाळी गाठ आली’ अशा ज्या हकीगती आपल्या घरांतून ऐकू येत, त्यांचे एक कारण हे असावे.

२०१४ मध्ये लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोत दाखविले की, प्लेगचा जंतूही पुटिका सोडतो आणि त्यांच्यावर त्याचे प्रथिने कापणारे हत्यार, प्ला नावाचे विकर, कार्यक्षम स्थितीत असते. म्हणजे जंतू जेथे नाही तेथेही त्याचा खकाणा काम करू शकतो.

आता हाफकिनच्या बाटलीकडे पुन्हा पाहू. जंतू वाढत होते मुंबईच्या हवेच्या उष्णतेत, माणसाच्या अंगच्या उष्णतेत नव्हे. सहा आठवडे ते त्याच रसात होते आणि तो रस फेकला जात नव्हता. तेव्हा त्या रसात पुटिका साचलेल्या असणार, आणि त्यांवरील अंतर्विष बरेचसे पिसवेतल्यासारखे, सहज ओळखू येणारे असणार, असा निष्कर्ष आजच्या ज्ञानाच्या आधारे काढता येतो. मग लसीचा ताप म्हणजे रोगाची छोटी आवृत्ती नव्हती. खरा रोग ज्या हाकेला गप्प बसवितो, ती हाक लस मोठ्याने घालीत होती. टोचून घेणारा म्हणे, हा ताप प्लेगचा आहे. प्रत्यक्षात तो ताप त्याच्या स्वतःच्या शरीराचा होता.

मोल

विज्ञानाची ही कथा येथे थांबली असती तर ती केवळ कुतूहलाची ठरली असती. पण पुटिकांचीच लस करावी हा विचार पुढे आला आणि हाफकिनचा जुना पेच पुन्हा उभा राहिला. मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस ब प्रकारच्या जंतूवर नेहमीच्या वाटेने लस जमेना, तेव्हा क्यूबा आणि नॉर्वे यांनी १९८० च्या दशकात त्याच्या पुटिकांपासून लसी केल्या. न्यूझीलंडने २००४ पासून तशाच लसीची मोठी मोहीम राबविली. २०१३ साली युरोपात मान्यता मिळालेल्या लसीतही न्यूझीलंडच्या पुटिका हा एक घटक आहे. या पुटिका आधी पित्तक्षारासारख्या द्रव्याने धुऊन त्यांतील अंतर्विष कमी करावे लागते. न धुतल्या तर ताप असह्य होतो. अति धुतल्या तर लसीची धार जाते. तान्ह्या मुलांना या लसीने ताप येतो तो येतोच, आणि सोबत पॅरासिटॅमॉल देण्याची शिफारस काही देशांत केली जाते.

आपल्याकडे हेच त्रिगुणी लसीत घडत आले. तिच्यातील डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या, मारलेल्या जंतूंचा असल्यामुळे बाळाला त्या रात्री ताप भरतो आणि मांडी सुजते. श्रीमंत देशांनी शुद्ध केलेल्या प्रथिनांची, कमी तापाची लस स्वीकारली. काही वर्षांनी आढळले की तिचे संरक्षण लवकर ओसरते. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात अख्ख्या जंतूचा घटक टिकून आहे. ताप आणि संरक्षण यांची फारकत पूर्णपणे करता येत नाही, असे एकंदर अनुभव सांगतो. जितका अधिक ताप तितके अधिक संरक्षण, असे मात्र यातून म्हणता येत नाही. हाफकिनचे माप तेवढे अचूक नव्हते.

या साऱ्यातून इतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे? १८९७ च्या लसविरोधाला आजवर दोन रीतींनी समजावून सांगितले गेले. एका रीतीने तो अडाणी लोकांचा अंधविश्वास ठरतो. दुसऱ्या रीतीने परक्या सत्तेविरुद्धचा स्वाभिमान ठरतो. दुसऱ्यात पुष्कळ सत्य आहे, पहिल्यात थोडे. परंतु दोहोंत एक गोष्ट निसटते. टोचून घेणाऱ्याने पाहिलेला ताप खरा होता. हात सुजला होता, दोन दिवसांची मजुरी बुडाली होती, आणि ज्या रोगाचे पहिले लक्षण तापच, त्याच्यासाठी टोचल्यावर ताप आल्याने त्याचे काळीज उडाले होते. त्याचे निरीक्षण चूक नव्हते. त्याला अर्थ सांगणारे कोणी नव्हते, आणि जो सांगू शकला असता तो दारात पोलिस घेऊन उभा होता. या आडमुठेपणाची किंमत लहान नव्हती. १८९६ नंतरच्या पंचवीस वर्षांत या देशात सुमारे एक कोटी माणसे प्लेगने गेली.

आज कोगनोळीत काय किंवा कागलात काय, लसीकरणाच्या दिवशी आशाताई बाळाच्या आईला आधीच बजावते: ‘आज रात्री ताप येईल, मांडी सुजेल, घाबरू नका, ही गोळी पाव पाव द्या, दोन दिवसांत उतरेल.’ हे वाक्य दोन्ही बाजूंच्या गावांत एकाच भाषेत बोलले जाते. ते आपल्याला फार साधे वाटते. भायखळ्याच्या खोलीतून, कोलकात्याच्या सूक्ष्मदर्शकातून आणि त्या न बधणाऱ्या उंदरांतून ते येथवर आले आहे. १८९८ साली आपल्या गावांतून तेवढे एक वाक्य कोणी विश्वासाने सांगितले असते, तर माळावरच्या झोपड्यांतून परत येणारी माणसे अधिक असती.